कोट धुवायचा नसतो

मस्कतला काय करता, असं पुण्यात कुणी विचारलं की मी खरं सांगायचो आणि समोरचा हसायचा. "रेनकोट विकतो." मग तो खात्री करून घ्यायला माझ्या बायकोकडे बघायचा, आणि ती जरा खिन्नपणे मान डोलवायची. जिथे वर्षातून चार-पाच दिवस पाऊस पडतो, आणि पडला की लोक गाड्या काढून तो बघायला जातात, त्या गावात मी बावीस वर्षं रेनकोट विकले. तेही साधेसुधे नव्हेत. आमच्या एका कोटाच्या किमतीत माझ्या मेव्हण्याने स्कूटर घेतली होती, हे त्यानेच मला तीनदा ऐकवलं आहे.

कंपनी इंग्लंडमधली. नाव सांगत नाही, कारण निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी त्यांचं सवलतीचं कार्ड अजून माझ्या पाकिटात आहे.

आमचा कोट रबराचा नसतो आणि प्लास्टिकचाही नसतो. घट्ट विणीचं सुती कापड आणि त्यात मुरवलेलं मेण, एवढाच सगळा मामला. मेणामुळे पाणी आत शिरत नाही, आणि कापड सुती असल्यामुळे आतला माणूस उकडून निघत नाही. हे इंग्लंडात. मस्कतला तो न घालताही माणूस उकडतोच. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा मेण लावायचं, मळला तर गार पाण्याच्या फडक्याने पुसायचा. साबण नाही, गरम पाणी नाही, मशीन नाही, ड्रायक्लीनिंग तर नाहीच नाही. मेण एकदा गेलं की उरतो तो नुसता एक महागडा डगला. पिशवी हातात देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावायचो, "सर, हा कोट धुवायचा नसतो." बायको म्हणते, मी झोपेतही हे बडबडायचो. आमची मुलगी कॅनडाला शिकायला निघाली तेव्हा मी तिला सवलतीत घेतलेला कोरा करकरीत कोट दिला आणि हेच बजावलं. तिने तो पहिल्याच महिन्यात मशीनमध्ये टाकला.

कोटाबरोबर आम्हाला इतिहासही विकावा लागे. दुबईला आमचं ट्रेनिंग झालं तेव्हा तीन दिवसांतले दोन इतिहासातच गेले. तो असा. उत्तर इंग्लंडातल्या एका बंदरात एक शिंपी होता. तिथले कोळी शिडाच्या कापडाला माशाचं तेल चोळत, म्हणजे शीड पाणी पिऊन जड होत नसे. शीड फाटलं की त्याचेच तुकडे पांघरून ते पावसात उभे राहत. शिंप्याने ते पाहिलं आणि त्या तुकड्यांना बाह्या आणि बटणं लावली. पुढे माशाच्या तेलाच्या जागी जवसाचं तेल आलं, त्याच्या जागी मेण आलं. मग ते कोट खलाशांनी घातले, सैनिकांनी घातले, मोटरसायकलवाल्यांनी घातले. शेवटी शिकारीला जाणाऱ्या जमीनदारांनी घातले आणि त्या दिवसापासून किंमत वाढली.

ही सगळी कथा आम्हाला पाच मिनिटांत म्हणून दाखवावी लागे. पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, इट ऑल बिगॅन विथ फिश ऑइल." हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

आता विकत घ्यायचं कोण, हा प्रश्न राहतो. काही लोक लंडनला उन्हाळा घालवायला जात, ते घेत. काही जण नुसतेच श्रीमंत असत. दुकान एसीने इतकं गार ठेवायचं की कोट अंगावर चढवलेल्या माणसाला बरं वाटलं पाहिजे, असा वरून हुकूम होता. त्यामुळे भर जूनमध्ये आम्हा सगळ्यांना सर्दी असायची. एकदा एक बाई आल्या, कोट घातला आणि म्हणाल्या, अजून थंड करा, मला खरी परीक्षा घ्यायची आहे. आम्ही केलं. त्या तशाच अर्धा तास खुर्चीत बसल्या, फोनवर मैत्रिणीशी पोटभर बोलल्या, कोट काढून ठेवला आणि निघून गेल्या. बाहेर बेचाळीस डिग्री होतं. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

दुसरे एक गृहस्थ सलालाहून तक्रार घेऊन आले. ओमानच्या दक्षिणेला सलालात उन्हाळ्यात तीन महिने भुरभुर पाऊस असतो आणि अख्ख्या आखातातले लोक तिथे मुद्दाम भिजायला जातात. हे गृहस्थ आमचा कोट घालून गेले होते. काउंटरवर कोट ठेवून म्हणाले, "तीन दिवस पावसात उभा होतो. भिजलोच नाही!" मी त्यांचं अभिनंदन केलं. ते म्हणाले, "मी भिजायला गेलो होतो." कोट परत घ्यावा लागला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर माझा आणि दुबई ऑफिसचा आठवडाभर पत्रव्यवहार चालला होता.

अशी सगळी मजा चालू असताना इब्राहिमभाई आमच्याकडे आले. दाभोळजवळच्या एका गावचे, वयाने माझ्याहून मोठे, कोट दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. दुकानामागच्या छोट्या खोलीत त्यांचं मशीन असे आणि त्याशेजारी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. कुठल्याही कोटातून कापून काढलेला तुकडा ते त्या डब्यात टाकत. गिऱ्हाईक कोट घालून दाराबाहेर पडत नाही तोवर त्याची चिंधी फेकायची नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. मी त्या डब्यावरून त्यांना खूप छळलं. "इब्राहिमभाई, खजिना कितपत जमला?" असं रोज सकाळी विचारायचो. ते वर न बघता मशीन चालवत राहायचे.

इब्राहिमभाईंना आमच्याकडे तीन वर्षं झाली त्या सुमारास मुख्य ऑफिसचा सगळ्या दुकानांना मेल आला. कंपनी स्वतःच्या इतिहासाचं संग्रहालय करते आहे, तुमच्या भागात जुने कोट सापडले तर कळवा, आमच्या बाई लंडनहून बघायला येतील. आम्ही हसलो. ओमानात जुने कोट कुठून येणार?

पुढच्याच आठवड्यात एक आला.

पांढरी दाढी, डोक्याला मसर, म्हणजे ओमानी फेटा, गुंडाळलेला, असा एक उंच म्हातारा तांदळाची रिकामी पिशवी काखेत मारून दुकानात शिरला. मागे त्याची नात होती, मरियम नावाची. म्हातारा ओमानच्याच सूर बंदराचा नाखुदा, म्हणजे आपल्याकडे कोकणात नाखवा म्हणतात तसा जहाजाचा मालक-कप्तान. तरुणपणी गलबत घेऊन मुंबईला, कालिकतला फेऱ्या मारलेल्या, त्यामुळे हिंदी बरं होतं. त्याने पिशवीतून एक काळपट गाठोडं काढून माझ्या काचेच्या काउंटरवर ठेवलं. दुकानात जो वास पसरला त्याचं वर्णन मी दिवाळीच्या अंकात करणार नाही. अत्तर लावून आलेली एक बाई तशीच उलट्या पावली बाहेर गेली.

"ये हमारा बाप का कोट," नाखुदा म्हणाला. "अंदर तुम्हारा दुकान का नाम है. देखो."

गळ्यापाशी खरंच आमच्या कंपनीची पट्टी होती, आमच्या पुस्तिकेत फक्त चित्रात दिसते तशी जुनी. फार वर्षांपूर्वी एका इंग्रज इंजिनिअरची लाँच सूरच्या पुढे समुद्रात बंद पडली होती. नाखुदाच्या वडिलांनी ती ओढून किनाऱ्याला लावली आणि त्या माणसाने अंगातला कोट काढून त्यांना दिला. वडिलांनी तो मरेपर्यंत वापरला. आता मरियम इंग्लंडला शिकायला चालली होती, पंधरा दिवसांनी विमान होतं, आणि तिने आजोबांकडे दुसरं काही न मागता हा कोट मागितला होता. डावी बाही मनगटापाशी सडली होती, तेवढी नीट करून हवी होती.

"बस बाँह," नाखुदाने बोट वर केलं. "बाकी को हाथ नहीं लगाना."

मी पावती दिली आणि सवयीने म्हणालो, "बाबा, ये कोट धोना नहीं."

नाखुदाने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "मेरे को बोलता है?" तो म्हणाला, आणि नात खुदकन हसली.

इब्राहिमभाईंनी सडलेली बाही चार बोटं कापून काढली, आमच्या दुरुस्तीच्या कापडाची नवी पट्टी बेमालूम जोडली आणि दोन दिवसांच्या सुट्टीवर गेले. मी लंडनला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, बाई दुबईतच आहेत, उद्या संध्याकाळी मस्कतला येतील.

आता माझी बाजू ऐका. मुख्य ऑफिसच्या बाई येणार, बावीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या दुकानात कंपनीचा इतिहास चालत आलेला, आणि त्या इतिहासाला सडक्या माशाचा वास. मी जन्मात मासा न खाल्लेला, नाक अस्सल पुणेरी. कोटावर तेलाचा चिकट थर होता, त्यात मीठ, धूळ, देव जाणे काय काय. हे काही आपलं मेण नव्हे, मी मनाशी म्हटलं, ही घाण आहे; आणि घाण धुतलीच पाहिजे. कोट घेऊन मी मस्कतच्या रुवी भागातल्या एका लाँड्रीत गेलो आणि म्हणालो, वास राहता कामा नये. त्या लाँड्रीवाल्याला कुणी बोल लावू नये. त्याने सांगितलं तसंच केलं, आणि उत्तम केलं. दुसऱ्या दिवशी कोट फिकट, कोरडा, हलका होऊन प्लास्टिकच्या पिशवीत परत आला. त्याला लिंबाचा वास येत होता.

लंडनच्या बाई भल्या होत्या. त्यांनी हातमोजे घातले, कोट टेबलावर पसरला, शिवण पाहिली, गळ्यापाशी नावाची पट्टी पाहिली, मग कापड बोटांत चोळून पाहिलं आणि थांबल्या.

"हू वॉश्ड इट?"

"द लाँड्री, मॅडम," मी म्हणालो. हे उत्तर खोटं नव्हतं, पण त्याची मला आजही लाज वाटते.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आमचीच पुस्तिका उचलली, पहिलं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरली. शिडाला तेल चोळणारा कोळी. त्या हळू आवाजात म्हणाल्या की आमच्याकडे सगळ्या काळातले कोट आहेत, फक्त या पहिल्या पानावरचा एकही नाही. या माणसांनी कंपनीचं मेण कुठून आणलं असतं? त्यांनी आपल्या पद्धतीने तेल लावून हा कोट जिवंत ठेवला असणार. म्हणजे आपलं पहिलं पान तिकडे सूरला अजून चालू होतं.

ते पान मी रोज तोंडाने म्हणत होतो, आणि ते दारातून चालत आलं तेव्हा मी नाकाला रुमाल लावला. ढेकूणही माझ्यापेक्षा शहाणा असेल असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

बाई गेल्या. इब्राहिमभाई दुसऱ्या दिवशी कामावर आले आणि त्यांनी कोट उचलून पाहिला.

"साहेब, काय केलात तुम्ही ह्या?"

"वास येत होता हो."

"येणारच! मुशीचा, शार्क माशाचा तेल होता तो. आमचा बाप होडीला हाच चोळायचा. लाकूड आन् कापड दोन्ही टिकतात. आन् तो वास त्या म्हाताऱ्याच्या बापाचा. म्हातारा काय बोलला होता? हात लावू नको. बोलला होता की नाय?"

बोलला होता. खरं संकट मला तेव्हा उमगलं. संग्रहालय गेलं खड्ड्यात. एका मुलीला परक्या देशात जाताना घरचं एकच माणूस बरोबर हवं होतं, आणि ते मी साबण लावून धुऊन टाकलं होतं. पट्टी शिवता येते, भोक रफू करता येतं. वास कुठून आणायचा?

इब्राहिमभाई म्हणाले, "दुकानात बोलवू नका त्याला. आपण जाऊ." पुढचे तीन दिवस मी जेवलो की नाही ते आठवत नाही. इब्राहिमभाई मात्र शांतपणे मशीन चालवत होते, याचा मला रागही आला.

शुक्रवारी सकाळी आम्ही माझ्या गाडीने सूरला गेलो. नाखुदाचं घर खाडीला लागून, पलीकडे गलबतं बांधायची जागा, तिथे एका नव्या गलबताच्या फळ्या उन्हात पडलेल्या. नाखुदाने आम्हाला चटईवर बसवलं, खजूर आणि कहवा समोर ठेवला आणि हात पुढे केला. मी कोट दिला. त्याने बाही पाहिलीच नाही. सरळ गळपट्टी नाकाशी नेली. मग एक बगल. मग खिसा उलटा करून.

"इसमें से हमारा बाप किधर गया?"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मैंने धुलवाया," मी म्हणालो. "लाँड्री का गलती नहीं. इब्राहिमभाई छुट्टी पे था. मेरा गलती."

"तुम? तुम तो सबको बोलता है, नहीं धोना."

"हां बाबा."

मरियम दारात उभी होती, तिचे डोळे भरले होते, आणि माझेही भरले. मग नाखुदा उठला, आत जाऊन एक डबा घेऊन आला, माझ्यासमोर ठेवून झाकण काढलं. मुशीचं तेल. दुकानात आला होता तो वास त्याच्या मानाने गुलाबपाणी होता.

"यल्ला," तो म्हणाला. "हाथ से. कपड़ा नहीं."

बावीस वर्षं इंग्लंडच्या अभिजात परंपरेवर बोलणारा मी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सरसावून सूरच्या अंगणात उकिडवा बसलो आणि दोन्ही तळव्यांनी कोटाला माशाचं तेल चोळू लागलो. श्वास तोंडाने घेत होतो. नाखुदा वरून बघत होता. "सिलाई में डालो. हां. जल्दी नहीं." इब्राहिमभाई सावलीत बसून खजूर खात होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सुख मी आयुष्यात विसरणार नाही. तास-दीड तासाने कोट पुन्हा काळपट झाला, जड झाला, आणि माझे हातही त्याच रंगाचे झाले.

नाखुदाने कोट नाकाशी नेला. "तेल है," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा हुंगून, "बाप नहीं है."

तेव्हा इब्राहिमभाईंनी खिशातून प्लास्टिकची एक छोटी पुडी काढली. त्यात सडक्या बाहीचा चार बोटांचा तुकडा होता, जसा कापला तसा, न धुतलेला. बिस्किटांच्या डब्यातला.

त्यांनी तो नाखुदाच्या हातात ठेवला. म्हाताऱ्याने तो नाकाशी धरला आणि इतका वेळ धरून ठेवला की आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. मग त्याने तो नातीला दिला, तिने हुंगला आणि मान हलवली. इब्राहिमभाई सुई-दोरा बरोबर घेऊनच आले होते. डाव्या खिशाच्या आत, जिथे तळवा टेकतो तिथे, त्यांनी ती चिंधी बारीक टाक्यांनी शिवून टाकली. मरियमने कोट चढवला, हात खिशात घातला आणि तशीच उभी राहिली. मला एकदम माझी मुलगी आठवली. मी तिला कोरा करकरीत कोट दिला होता. ज्यात कुणीच नव्हतं तो तिने धुतला तर तिचं काय चुकलं?

निघताना नाखुदाने माझ्याशी हात मिळवला, मग स्वतःचा तळवा हुंगला आणि पहिल्यांदा हसला. "अभी तुम्हारा दुकान का माल ठीक हुआ," म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी चिडून विचारलं, "इब्राहिमभाई, तुकडा तुमच्याकडे होता तर तीन दिवस मला का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही डब्याला तीन वर्षा हसलात," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी तीन दिस हसलो."

लंडनच्या बाईंना मी सगळं खरंखरं लिहून कळवलं. संग्रहालयाला कोट मिळणार नाही, त्याची मालकीण तो घालून निघाली आहे, हेही लिहिलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: कृपा करून पुन्हा धुऊ नका. माझ्या हातांचा वास आठवडाभर गेला नाही. दुकानात गिऱ्हाइकं नाक मुरडायची आणि मी लगेच म्हणायचो, "सर, इट ऑल बिगॅन विथ फिश ऑइल." पहिल्यांदाच ते वाक्य मला नुसतं पाठ नव्हतं, माहीत होतं.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या महिन्यात इब्राहिमभाईंच्या फोनवर मरियमचा एक छोटा व्हिडिओ आला. इंग्लंडातला कुठलासा बसस्टॉप, आभाळ राखाडी, आणि धो धो पाऊस. कोटाच्या बाहीवरून थेंब घरंगळत खाली जात होते, नव्या पट्टीवरूनही, आणि आत एक थेंब जात नव्हता. तिचा डावा हात खिशात होता. खाली तिने इंग्रजीत लिहिलं होतं, बसमध्ये माझ्या शेजारची सीट नेहमी रिकामी असते, आजोबांना सांगितलं तर ते खूश झाले.

मागच्या खोलीत आम्ही दोघांनी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा पाहिला. शेवटी मी इब्राहिमभाईंना म्हणालो, बावीस वर्षांत आपल्या कंपनीच्या कोटावर खरा पाऊस पडताना मी आज पहिल्यांदा बघतोय. आणि हा कोट मी विकलेलाही नव्हता. मी फक्त धुतला होता.